फोनला न दिसलेली बेचाळीस नाकं

आलासी तुकालाकच्या घराच्या थंड पडवीत एक खोकं आहे. त्यात सतरा टोप्या आहेत, सगळ्या फुकटच्या. पाच खाणवाल्यांच्या, एक धरणाची पाहणी करायला आलेल्यांची, तीन सौरपट्ट्यांवाल्यांच्या आणि आठ पवनचक्कीवाल्यांच्या. गावात पवनचक्की अजून एकही नाही. दक्षिणेकडून सभा घ्यायला येणारा माणूस टोपी वाटतोच, आणि गेल्या सत्तावीस वर्षांत तासियालुक या आमच्या उत्तरेकडच्या बर्फाळ गावातल्या प्रत्येक सभेला टेबलाच्या डाव्या टोकाला आलासी बसलेली होती. ती दुभाषी आहे. पाहुण्यांचं इंग्रजी ती आमच्या इनुक्तितुतमध्ये सांगते आणि आमचं बोलणं त्यांना इंग्रजीत. वय अठ्ठावन्न, अंगाने बारीक, आवाज सपाट. बोलताना तिचे हात मांडीवर असतात आणि चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. पाहुणे चिडून बोलले काय किंवा गोड बोलले काय, तिच्या तोंडून ते एकाच आवाजात बाहेर पडतं.

यामागे एक जुनी गोष्ट आहे. एकोणीस वर्षांची असताना ती दक्षिणेतल्या एका इस्पितळात आमच्या किनाऱ्यावरच्या रोग्यांसाठी काम करायची. एका बाईच्या छातीत गाठ होती. डॉक्टर म्हणाला, याच आठवड्यात काढायला हवी. बाई घाबरेल म्हणून आलासीने सांगितलं, लवकर काढलेली बरी. बाईचं मूल गावी होतं, रानहंसांच्या शिकारीचे दिवस जवळ आले होते. ती म्हणाली, मग उन्हाळा झाला की येते. ती परत आली नाही. तेव्हापासून आलासीचा नियम आहे: तोंडातून निघालं तेवढं सांगायचं, एक शब्द कमी नाही आणि एक जास्त नाही. तिच्या हाताखाली शिकलेल्या दोन मुलींनाही तिने हेच शिकवलं. त्यातली एक आता दुकानात गल्ल्यावर बसते आणि म्हणते, तिथे निदान माणसं स्वतःचं स्वतः बोलतात.

आलासीचा नवरा नुआ गावाच्या टोकाला असलेलं डिझेलचं वीजघर तीस वर्षं चालवतो आहे. त्याचा डावा कान त्या इंजिनांनी नेला. तीन इंजिनं आहेत, त्यातलं एक नेहमी आजारी. तेलाचं जहाज वर्षातून एकदा येतं, बर्फ फुटल्यावर, आणि त्या एका जहाजावर आम्ही वर्षभर उजेडात बसतो. इथून बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबीलने चार दिवस दक्षिणेला गेलं की नद्यांवरची मोठी धरणं लागतात. तिथल्या विजेचे मनोरे आणखी दक्षिणेकडे जातात. आमच्या बाजूला एकही वळलेला नाही. याची इथे कुणी तक्रार करत नाही, आता त्याची सवय झाली आहे.

पवनचक्क्या गावाला हव्या होत्या, हे आधी सांगायला हवं. नुआला तर सगळ्यांत जास्त. तो म्हणायचा, "तीस वर्षं मी त्या म्हाताऱ्या इंजिनाला उठवतोय, जेवू घालतोय, झोपवतोय. माझ्या आईचंसुद्धा मी एवढं केलं नाही." प्रश्न एवढाच होता की त्या कुणाच्या असणार. गावाच्या परिषदेने निम्मी मालकी मागितली होती. कंपनीचं म्हणणं होतं की टेकडीची जागा गावाने तीस वर्षांसाठी द्यावी, तिन्ही चक्क्या कंपनीच्या राहतील, डिझेल वाचल्याचा फायदा कंपनीला जाईल आणि गावाला दोन नोकऱ्या मिळतील. त्यावर नुआ म्हणाला होता, "वारा इथे फुकट मिळतो. आता हे लोक तो आम्हाला विकणार."

याच प्रश्नावर मार्चमध्ये सभा ठरली. तीन दिवस हिमवादळ होतं आणि कंपनीचा माणूस, डॅरेन नावाचा, विमान धावपट्टीवरून दोनदा फिरून परत गेल्यावर दक्षिणेतूनच फोनवर बोलला. शाळेच्या व्यायामशाळेत टेबलावर फोन ठेवला होता, त्याला मोठा कर्णा जोडला होता. बेचाळीस माणसं जमली. सोडतीचं बक्षीस म्हणून कंपनीने पेट्रोलचं एक पिंप ठेवलं होतं, त्याचा गर्दीशी थोडाफार संबंध असावा. सरपंच उलायू त्या आठवड्यात मुलीच्या कानाच्या शस्त्रक्रियेसाठी दक्षिणेला गेली होती.

डॅरेन चांगलं बोलला. आवाज तरुण होता, मधेमधे तो थांबायचा, म्हणजे आलासीला सांगता यावं. म्हाताऱ्या साकारियासीने विचारलं, "चक्क्यांची पाती कुणाची?" डॅरेनने अकरा मिनिटं उत्तर दिलं. आलासीने ती अकरा मिनिटं सांगितली. साकारियासी खाली बसला. शेवटी डॅरेनने विचारलं, "चक्क्या कंपनीच्या मालकीच्या राहतील, याला इथे कुणाची हरकत नाही ना? तुम्हाला हे मान्य आहे?"

आलासीने ते जसंच्या तसं सांगितलं.

आमच्याकडे हो म्हणायला भुवया उचलतात आणि नाही म्हणायला नाक आक्रसतात. तोंडाने नाही म्हणायचं ते कुत्र्याला किंवा लेकराला. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणणं म्हणजे त्याला दाराबाहेर काढणं. साकारियासीने प्रश्न विचारला होता, त्यातच गावाला काय वाटतं ते आलं होतं. आता फक्त उत्तर द्यायचं होतं आणि बेचाळीस माणसांनी ते दिलं. बेचाळीस नाकं आक्रसली. कुणी हाताची घडी घातली होती, कुणी बाळाला थोपटत होतं, पण नाकं सगळ्यांची आक्रसली.

फोन टेबलावर होता. साठेक सेकंद काहीच झालं नाही. मग कर्ण्यातून आवाज आला, "ठीक आहे. नोंद घेतली. सगळ्यांचे आभार."

"नोंद घेतली म्हणतोय, आभार मानतोय," आलासीने सांगितलं. लोक उठले. त्यांनी नाही म्हटलं होतं आणि त्याची नोंद झाली होती. पेट्रोलचं पिंप दुकानातल्या कारकुनाला लागलं. आलासीने पाहुण्यांचं बोलणं ऐकायचं कानावरचं यंत्र काढून त्याच्या डब्यात ठेवलं. फोनला डोळे नसतात, हे त्या सभागृहात फक्त तिच्या लक्षात आलं होतं. पण ते तिच्या कामात बसत नव्हतं.

जूनमध्ये अहवाल आला. तीन भाषांत, रंगीत, मुखपृष्ठावर आमच्याच टेकडीचा फोटो. उलायू तो काखेत मारून आलासीच्या एकशे अठरा नंबरच्या घरी आली. आलासी जमिनीवर पुठ्ठा पसरून कॅरिबू हरणाची गोठलेली मांडी कापत बसली होती.

"मावशी, हे बघ. पान सव्वीस. 'उपस्थित बेचाळीस. मालकीच्या प्रश्नावर हरकत नाही. संमती.' मी गावाला एक आठवडा सोडून गेले आणि तुम्ही टेकडी देऊन मोकळे झालात?"

"बस. खा आधी."

"खायला नाही आले मी." पण ती खाली बसली आणि तिने एक काप उचलला. "काय झालं त्या दिवशी?"

आलासीने सांगितलं. कापता कापता, त्याच आवाजात. उलायू चावायची थांबली.

"म्हणजे नाकं."

"नाकं."

"आणि तू तिथे बसलेली होतीस."

"होते की."

"मग एक वाक्य बोलायचं होतंस, मावशी! 'लोक नाही म्हणतायत.' झालं!"

"कुणी म्हणत नव्हतं. मी म्हटलं असतं तर ते मी म्हटलं असतं."

नुआ खिडकीपाशी त्याच्या बुटाची शिवण बघत होता. "काय म्हणतेय ती?" त्याने विचारलं. उलायूने ओरडून सांगितलं. "तिचं घरातही असंच आहे," नुआ म्हणाला. "मी भूक लागली म्हणेपर्यंत ताट येत नाही."

"तुला काय कळतंय? तू अर्धंच ऐकतोस," आलासी म्हणाली.

"अर्धं पुरतं."

उलायू हसली नाही. तिचा सरपंचपदाचा तिसरा कार्यकाळ चालू होता आणि अशा अहवालांनी तिच्या खोलीतली एक भिंत भरली होती. तिने मुद्द्याचं सांगितलं. सप्टेंबरमध्ये परवाना मंडळाची माणसं येणार. त्यांच्यापुढे मार्चची संमती वाचली गेली की करार पक्का, तीस वर्षांसाठी. तिने कंपनीला कळवलं होतं. कंपनीचं उत्तर होतं की फोनवरच्या सभेच्या टेपवर जे आहे ते आहे, आणि टेपवर कुणीही नाही म्हटलेलं नाही. साठ सेकंद शांतता आहे.

"तू लिहून दे. त्या दिवशी काय पाहिलंस ते. तुझी सही पुरेल, मंडळाच्या यादीवरची दुभाषी आहेस तू."

"म्हणूनच नाही देणार."

"मावशी..."

"मी पाहिलेलं सांगायला लागले, तर पुढच्या वेळी ते विचारतील, हिने सांगितलं त्यातलं बोललेलं किती आणि हिने पाहिलेलं किती. मग इस्पितळात, कोर्टात, सगळीकडे तेच. एकदा केलंय मी तसं, लहान असताना. परत नाही."

उलायूने हात पुसले. "तीस वर्षं," ती म्हणाली. "तेव्हा मी साकारियासीएवढी नसले तरी त्याच्यासारखीच कुरकुर करत असेन." आणि ती गेली. अहवाल तिथेच विसरली, किंवा मुद्दाम ठेवला. नुआने नंतर त्याच्यावर चहाची किटली ठेवली.

साकारियासी एक्याऐंशी वर्षांचा आहे आणि आलासीला आई म्हणतो. त्याच्या खऱ्या आईचं नावही आलासी होतं; ती ज्या हिवाळ्यात वारली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ही जन्मली, आणि हिला तिचं नाव मिळालं. नाव मिळालं की नातंही मिळतं. अठ्ठावन्न वर्षं तो तिच्या दारात आई म्हणून हाक मारत येतो, वाढदिवसाला तिला मोजे नेऊन देतो आणि तिची बोलणीही खातो. जुलैमध्ये एका दुपारी तो आला, टोपी काढली आणि तिच्यासमोर तोंड नेऊन नाक आक्रसलं.

"दिसतंय का, आई?"

"दिसतंय."

"मला वाटलं मार्चमध्ये माझं नाक पडलं होतं. म्हणून विचारलं."

"पोरा, तोंड होतं ना तुला? बोलायचं होतंस."

"पाहुण्याला तोंडावर नाही म्हणू? तूच शिकवलंस मला, तसं करायचं नाही म्हणून. कान पिळून शिकवलंस."

"मी कधी?"

"अठ्ठेचाळीस साली."

"मी सहासष्टला जन्मले."

"ते दुसऱ्यांदा," साकारियासी म्हणाला आणि चहासाठी कप पुढे केला.

त्याने पुन्हा तो विषय काढला नाही. गावातही कुणी काढला नाही. पण गावच्या रेडिओवर बिंगोच्या खेळाचे आकडे सांगायचं काम दर गुरुवारी आलासीकडे असायचं. ऑगस्टमध्ये दोनदा ते दुसऱ्या कुणाला दिलं गेलं. कुणी कारण सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. नुआ म्हणाला, "बरं झालं, गुरुवारी तरी जेवण वेळेवर मिळेल." त्या महिन्यात त्याच्या दोन नंबरच्या इंजिनाचा पंप गेला होता आणि सुटा भाग यायला तीन आठवडे लागणार होते, त्यामुळे त्याचंही बोलणं कमीच झालं होतं.

सप्टेंबरमध्ये दोन दिवस धुक्यात अडकून पाहुणे आले. डॅरेन, मंडळाच्या एक बाई आणि त्यांचा एक सहायक. संत्र्यांच्या दोन पेट्या आणल्या होत्या, टोप्या होत्याच आणि पेट्रोलचं पिंपही होतं. डॅरेन प्रत्यक्षात आवाजापेक्षा वयाने मोठा निघाला. सभ्य माणूस होता, म्हाताऱ्यांना संत्री सोलून देत होता. यावेळी एकसष्ट माणसं आली. टेबलावर टेपयंत्र होतं, त्याचा लाल दिवा लागलेला. डाव्या टोकाला आलासी, हात मांडीवर.

मंडळाच्या बाईंनी मार्चची नोंद वाचली. आलासीने ती सांगितली, पान सव्वीससुद्धा: हरकत नाही, संमती. सभागृहात पहिल्यांदाच ते वाक्य लोकांनी आपल्या भाषेत ऐकलं, आणि तेही तिच्या तोंडून. उलायू दारापाशी भिंतीला टेकून उभी होती. तिने आधी लेखी हरकत दिली होती, ती कागदपत्रांत जोडल्याचं बाईंनी सांगितलं. परिषदेचं मत वेगळं आणि रहिवाशांचं वेगळं असू शकतं, असंही त्या म्हणाल्या.

"मग ही संमती कायम धरायची का?" बाईंनी विचारलं.

आलासीने सांगितलं. नाकं आक्रसली. बाई हसून सगळीकडे बघत होत्या, त्यांना एकसष्ट शांत चेहरे दिसत होते. सहायकाने पेन उचललं.

तेव्हा साकारियासी उठला. त्याला उठायला वेळ लागतो. गुडघे, मग काठी, मग पाठ. डोळे त्याचे पाहुण्यांवर होते, पण बोलला तो आलासीशी.

"आई, मी दमलो. यांना तू सांग."

आलासीने इंग्रजीत सांगितलं, "आई, मी दमलो. यांना तू सांग."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कोणाची आई? त्या इथे आहेत का?"

आलासीने तेही इनुक्तितुतमध्ये सांगितलं. मागे कुणीतरी हसलं. साकारियासीने तोंड उघडलं नाही. त्याने हनुवटी उचलून टेबलाच्या डाव्या टोकाकडे दाखवलं आणि तो तसाच उभा राहिला.

हे बोललेलं नव्हतं. आलासी गप्प बसली. टेपचा दिवा चालू होता. डॅरेनने पाण्याची बाटली उघडली आणि पुन्हा बंद केली. साकारियासीची काठी जमिनीवर थोडी घसरली, शेजारच्याने ती धरली.

मग आलासीने कानावरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. ती उठून टेबलाच्या पलीकडे, लोकांच्या बाजूला गेली. आधी आमच्या भाषेत बोलली आणि मग इंग्रजीत.

"आता तुम्ही विचारलंत तेव्हा इथे एकसष्ट माणसं आहेत. अठ्ठावन्न जणांनी नाक आक्रसलं. आमच्याकडे ते नाही असतं. दोन बाळं झोपली आहेत. माझ्या नवऱ्याला ऐकू आलं नसावं."

शेजारणीने नुआच्या उजव्या कानात ओरडून सांगितलं. नुआने बाईंकडे बघून नाक आक्रसलं.

"एकोणसाठ," आलासी म्हणाली. "मार्चमध्ये बेचाळीस होती. फोनला दिसली नाहीत. मला दिसली होती. मी सांगितलं नाही."

बाईंनी टेपकडे पाहिलं, मग कागदांकडे. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. "हे तुम्ही दुभाषी म्हणून सांगताय की रहिवासी म्हणून?"

"रहिवासी. घर नंबर एकशे अठरा."

"मग इथे दुभाषी कोण आहे?"

कुणीच नव्हतं. दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या मुलीकडे काही जणांनी पाहिलं, तिने नाक आक्रसलं. मंडळाच्या नियमानुसार दुभाष्याशिवाय सभा चालत नाही. बाईंनी वेळ सांगून टेप बंद केला. मार्चची नोंद स्थगित, नवा दुभाषी मिळेपर्यंत सुनावणी पुढे ढकलली. डॅरेन उलायूशी बराच वेळ बोलत होता. तो म्हणाला म्हणे, की हे कंपनीला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. उलायूने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तिच्या भुवयाही हलल्या नाहीत आणि नाकही.

पिंपाची सोडत राहिली होती. दुभाष्याला सोडतीची चिठ्ठी देत नाहीत, तो पाहुण्यांच्या बाजूचा धरला जातो. सत्तावीस वर्षांत आलासीने एकदाही चिठ्ठी घेतली नव्हती. ती सहायकासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने हात पुढे केला. त्याने एक फाडून दिली. एकसष्ट नंबरची होती. पिंप तेवीसला लागलं.

नंतरच्या आठवड्यात तेलाचं जहाज आलं, चार दिवस किनाऱ्यापासून टाक्यांपर्यंत नळी टाकलेली होती आणि गावभर डिझेलचा वास होता, दरवर्षी असतो तसा. ऑक्टोबरमध्ये मंडळाची दुभाष्यांची नवी यादी आली, तिच्यात आलासीचं नाव नव्हतं. इस्पितळाचं काम अजून तिच्याकडे आहे, आणि गुरुवारचे बिंगोचे आकडेही तिच्याकडे परत आले. आता ती दिवसा घरी असते. नुआ म्हणतो, घरात दुभाषी असून उपयोग नाही, कारण तिला आता काहीतरी बोलायचं असतं.

सुनावणी एप्रिलमध्ये ठरली आहे. पलीकडच्या किनाऱ्यावरून एक तरुण दुभाषी येणार आहे. सूचनापत्रात शेवटी एक ओळ नवीन आहे: उपस्थितांनी आपलं उत्तर मोठ्याने, शब्दात द्यावं. उलायूने ती रेडिओवरून तीनदा वाचून दाखवली.

साकारियासी रोज तिसऱ्या प्रहरी येतो. परवा आलासीने त्याच्यापुढे माशाची थाळी ठेवली आणि आणखी चहा घेणार का म्हणून विचारलं. तो सरळ बसला, काठी दोन्ही हातांत धरली आणि घसा खाकरून म्हणाला, "नाही."

नुआनेसुद्धा वळून पाहिलं.

"काय झालं? चहा कडू आहे?" आलासीने विचारलं.

"चहा हवाय," साकारियासी म्हणाला. "सराव करतोय, आई. अजून नीट निघत नाही."

"परत म्हण."

त्याने परत म्हटलं. आलासीने मान डोलावली आणि त्याचा कप भरला.